श्रीगाडगे महाराज आणि कर्जाचा फास

वर्धा नदीच्या या काठाला आपला वर्धा जिल्हा, त्या काठाला अमरावती. पलीकडे रुक्मिणीमातेचे माहेर कौंडण्यपूर आणि अलीकडे बोर नदीवरचे श्रीकेजाजी महाराजांचे घोराड. दोन्हीकडे तीच काळी माती, तोच कापूस आणि तीच आषाढीची ओढ. आणखी एक गोष्ट दोन्हीकडे सारखी आहे, तिचे नाव घ्यायला जीभ जड होते. ती म्हणजे कर्ज. म्हणून नदीपलीकडे जन्मलेल्या एका महापुरुषाचे चरित्र आज आपल्या वाचकांपुढे ठेवीत आहोत. श्रीगाडगे महाराजांना सारा महाराष्ट्र खराट्यावरून ओळखतो. पण हा खराटा हातात येण्याअगोदर त्या घरावरून कर्जाचा नांगर कसा फिरला, ते ठाऊक असलेले लोक थोडे. ते ठाऊक झाले म्हणजे महाराज जन्मभर कीर्तनात काय सांगत होते आणि कशासाठी सांगत होते, ते नीट उमगते.

महाराजांचा जन्म 23 फेब्रुवारी 1876 रोजी अमरावती जिल्ह्यात अंजनगाव सुर्जीकडच्या शेंडगाव या खेड्यात झाला. वडील झिंगराजी, आई सखुबाई, जात परीट, आडनाव जानोरकर. मुलाचे नाव ठेवले डेबूजी. तो काळ कसा होता, तेही पाहिले पाहिजे. 1861 ते 1865 या सालांत अमेरिकेत यादवी युद्ध पेटले आणि विलायतेच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेनासा झाला. मग वऱ्हाडच्या आणि आपल्या हिंगणघाटच्या कापसाला सोन्याचा भाव आला. शेतकऱ्याच्या हातात कधी नव्हे तो पैसा खुळखुळू लागला आणि सावकारही उदार झाला, कारण शेताची किंमत वाढली होती. युद्ध थांबले, भाव उतरला. भाव चढला असताना काढलेले कर्ज मात्र उतरले नाही, ते जागच्या जागी बसून राहिले. तिकडे पुणे जिल्ह्यात सुपे गावी 1875 साली रयतेने सावकारांच्या वह्या आणि खते जाळली. पुढच्याच वर्षी डेबूजी जन्माला आला. कागदाच्या एका तुकड्याने पिढ्यान्‌पिढ्यांचे शेत हातचे जाते, हे त्या काळी घरोघरी ठाऊक होते.

झिंगराजीचे घर मात्र प्रथम सावकाराने बुडवले नाही, बाटलीने बुडवले. देवाला बकरे कापायचे, पाहुण्याला दारू पाजायची, बारशाला दारू, लग्नाला दारू आणि मयतालाही दारू, अशी जातीची रीत होती. एकट्याने न पिणे म्हणजे भाऊबंदांचा अपमान! रीत पाळता पाळता माणूस तिच्यात बुडाला. घरात होते नव्हते ते गेले, अंगातली ताकद गेली, आणि 1884 साली झिंगराजीने डोळे मिटले. शेवटी त्याला मोठा पश्चात्ताप झाला आणि पोराला या वाटेला जाऊ देऊ नका असे तो सांगून गेला, असे चरित्रकार लिहितात. डेबू त्या वेळी आठ वर्षांचा होता. विधवा आई, हातात काही नाही, डोक्यावर छप्पर नाही. सखुबाई पोराला घेऊन माहेरी आली, मूर्तिजापूरजवळच्या दापुरे गावी.

दापुऱ्याला आजोबा हंबीरराव आणि मामा चंद्रभान. घर कष्टाळू होते. डेबू गुरे राखू लागला. पोर अंगाने दणकट, कामाला वाघ. गुरे धुवावी, गोठा लख्ख ठेवावा, नांगर धरावा, वखर चालवावा, रात्री गावातल्या भजनात जाऊन बसावे. अक्षरओळख नाही, पण भजने तोंडपाठ. पोराच्या हाताला यश आहे असे गाव म्हणू लागले. मामाच्या शेतात पीक चांगले येऊ लागले आणि घराला बरे दिवस आले.

वाचकहो, येथे जरा थांबून पुढची हकीकत ध्यानात घ्यावी. व्यसनाने घर बुडते हे सगळेच सांगतात. मामाच्या घरात व्यसन नव्हते, आळस नव्हता, उधळपट्टी नव्हती. तरी ते घर बुडाले.

झाले असे. गावच्या व्यवहारात असलेल्या एका सावकाराने चंद्रभानमामाला आणखी जमीन घेण्याची गळ घातली. घरात राबणारे हात आहेत, भाचा सोन्यासारखा आहे, पैशाची चिंता नको, पीक येईल तसे फेडा, असे गोड बोलणे. मामाने जमीन घेतली आणि कर्ज अंगावर घेतले. मग घराने पोटाला चिमटा घेतला. ज्वारी निघाली की भरणा, कापूस निघाला की भरणा. पैसा घरात न आणता परस्पर सावकाराच्या ओटीत. दर सालाला थोडे थोडे करून कर्ज फिटत आले, असे मामा धरून चालला. आणि तसे ते फिटलेही होते. पण दिलेल्या पैशाची पावती? ती कुणी मागितली नाही. मोठा माणूस, रोजचा व्यवहार, त्याच्याकडे कागद मागायचा म्हणजे त्याच्यावर अविश्वास दाखवायचा! वहीत काय लिहिले ते वाचायला घरात कुणाला येत नव्हते. अखेर सावकाराने हिशेब काढला तेव्हा मुद्दल तसेच उभे आणि वर व्याज चढलेले. भरलेल्या पैशाचा मागमूस नाही. जमीन त्याच्या घशात गेली. मामाने त्याची हाय खाल्ली. तो अंथरुणाला खिळला आणि गेला. म्हातारे आजोबाही फार दिवस टिकले नाहीत.

पुढे सावकाराची माणसे उरल्या शेताचा ताबा घ्यायला आली. डेबूजी तेव्हा भर ज्वानीत होता. तो शेतात आडवा उभा राहिला आणि त्याने त्यांना पाऊल टाकू दिले नाही, असे चरित्रकार सांगतात. सावकाराला कुणी अडवू शकतो हे गावाने तेव्हा प्रथम पाहिले. पण त्या एका दिवसाने मामा परत आला नाही. डेबूजीच्या मनात एक गोष्ट तेव्हापासून खिळ्यासारखी ठोकली गेली: कष्ट केले, काटकसर केली, देणे चुकते केले, आणि तरी घर गेले, कारण आपल्याला वाचता येत नव्हते.

व्याजाचे गणित किती निर्दय असते, हे ज्याने भरले त्यालाच कळते. शंभर रुपयांवर महिना दोन रुपये व्याज, ऐकायला किरकोळ वाटते. वर्षाचे चोवीस होतात. चार वर्षांत शहाण्णव रुपये देऊन झाले तरी शंभराचे मुद्दल तसेच बसलेले. धान्याचे त्याहून कठीण. पेरणीला एक मण नेले तर सुगीला सवाईने सव्वा मण, दीडीने दीड मण. आणि हे सारे चार-सहा महिन्यांत. आता दुसऱ्या बाजूने पाहा. त्या काळच्या नाण्यात रोजचा एक आणा वाचला तर वर्षाचे 22 रुपये 13 आणे जमतात. म्हणजे शंभर रुपये कर्जाचे वर्षाचे व्याज जवळजवळ निघते. एक आणा! एवढा तर गुत्त्यात, पानाच्या ठेल्यावर नि विड्यांत कधी गेला ते कळतही नसे. महाराज पुढे कीर्तनात अडाणी माणसाकडून असला हिशेब बोटांवर करून घेत, त्याचे मूळ दापुऱ्याच्या या घरात आहे.

1892 साली डेबूजीचे लग्न झाले. पत्नी कुंताबाई. पहिली मुलगी झाली आणि बारशाचा दिवस आला. रीतीप्रमाणे भाऊबंद मटण आणि दारूच्या आशेने जमले. डेबूजीने पंगतीला गोडाचे जेवण वाढले. पंगतीत कुजबुज झाली, मग आरडाओरड झाली. बापाच्या वेळची रीत मोडली, जातीची अब्रू गेली, असे लोक म्हणू लागले. डेबूजी शांत राहिला. ही रीत पाळून बाप कुठे गेला, ते त्याने डोळ्यांनी पाहिले होते. आज वाचताना ही गोष्ट लहान वाटेल. पण ज्याला जातीत राहायचे आहे, पोरींची लग्ने करायची आहेत, त्याने भरल्या पंगतीत नको म्हणणे ही लहान गोष्ट नाही. कितीतरी घरांचे पहिले कर्ज पोट भरण्यासाठी काढलेले नसते, चार लोकांच्या तोंडासाठी काढलेले असते.

पुढे 1896-97 आणि 1899-1900 अशा दोन दुष्काळांनी वऱ्हाड आणि मध्यप्रांत भाजून निघाला. माणसे गाव सोडून चालली, गुरे कवडीमोल झाली, आणि सावकाराच्या वहीत नवी नावे चढली. अशा काळात एका घराचे कर्ज फेडून भागणार नव्हते. 1 फेब्रुवारी 1905 रोजी पहाटे डेबूजीने घर सोडले. अंगावर चिंध्या जोडलेले वस्त्र, हातात काठी, आणि पाणी पिण्यास व भाकर घेण्यास एक फुटके मातीचे गाडगे. पुढे लोक त्यांना त्या गाडग्यावरूनच ओळखू लागले. गावात शिरावे, रस्ता झाडावा, कुणाचे लाकूड फोडून द्यावे, कुणाचे गवत कापून द्यावे, मिळाली तर भाकर घ्यावी, नाहीतर पुढे चालावे. फुकट घास घेतला तर तेही ऋणच, अशी त्यांची समजूत होती.

पूर्णा नदीच्या काठी ऋणमोचन नावाचे क्षेत्र आहे. पौष महिन्याच्या रविवारी तेथे यात्रा भरते. नावातच ऋणातून सुटण्याची आशा असल्यामुळे कुठकुठून गाडीबैल जुंपून लोक यायचे. नदीला घाट नव्हता. काठाला गुडघाभर चिखल, म्हातारीकोतारी घसरून पडायची, लेकुरवाळ्या बायांचे हाल व्हायचे. डेबूजी तेथे जाऊन चिखल उपसू लागले, लोकांना हात धरून उतरवू लागले. नंतर त्यांनी लोकांकडूनच दगड, चुना, मजुरी गोळा करून 1908 च्या सुमारास पक्का घाट बांधविला. कर्जापायी मामा गमावलेल्या माणसाने पहिले मोठे बांधकाम केले ते ऋणमोचनाला, हा योग मोठा विलक्षण! पण नदीत बुडी मारून सावकाराचे देणे फिटते असे त्यांनी कुणाला कधी सांगितले नाही. देहाचा मळ पाण्याने जाईल, वहीतला आकडा घामानेच जाईल, हे सांगायला त्यांनी कीर्तन हाती घेतले.

त्यांचे कीर्तन आपल्या फडावरच्या कीर्तनासारखे नव्हते. वीणा नाही, पोथी नाही, संस्कृत श्लोक नाही. दोन दगड किंवा दोन काठ्या हे टाळ, आणि देवकीनंदनाच्या नावाचा गजर. मग वऱ्हाडी बोलीत प्रश्न. कर्ज आहे का बाप्पा? किती आहे? कशाला काढले? लोक आधी हसायचे, मग उत्तर द्यायचे, आणि उत्तर देता देता त्यांचा गळा दाटून यायचा. महाराज सांगत, की पोट हातावर असेल तर हातावरच भाकर घेऊन खावी, त्यासाठी ताट पाहिजे असे नाही; बायकोला भारी लुगडे घेऊ नये, हलके घ्यावे; पाहुण्याला घरात असेल ते वाढावे; पण पोराला शाळेत घातल्याशिवाय राहू नये. देवासाठी कर्ज काढू नये, तीर्थाला जाण्यासाठी कर्ज काढू नये, नवसाला बकरे कापू नये, आणि दारूच्या दुकानाची पायरी चढू नये. साऱ्या महाराष्ट्राला हे बोल ठाऊक आहेत. पण त्यांचा क्रम नीट पाहावा. काटकसर सांगून ते थांबत नसत, वाचवलेला पैसा कुठे घालायचा तेही सांगत, आणि तो पोराच्या पाटीपेन्सिलीत घालायला सांगत. मामाच्या घरात काटकसर होती, पाटी नव्हती.

आपल्या वारकऱ्यांना एक गोष्ट ऐकताना अवघड वाटेल, तरी लिहिलीच पाहिजे. तीर्थाला जाण्यासाठी कर्ज काढणे महाराजांना मुळीच पसंत नव्हते, आणि स्वतः मात्र ते पंढरीच्या वारीला जात. तेथे जाऊन ते वाळवंट झाडीत, घाण उचलीत, रात्री कीर्तन करीत. देवळात शिरण्याची त्यांना घाई नसे. उन्हापावसात, उघड्यावर, चिखलात झोपणारे गोरगरीब वारकरी त्यांनी पाहिले. निवाऱ्याला पैसे पडतात आणि गरिबाला त्यापायीही उसनवारी करावी लागते, हे त्यांच्या ध्यानात आले. त्यातूनच 1917 साली पंढरपुरात चोखामेळा धर्मशाळेचे काम सुरू झाले. पुढे मराठा धर्मशाळा झाली, नाशिक, आळंदी, देहू येथे धर्मशाळा झाल्या. दवाखान्यात रोगी पडलेला असताना त्याच्या माणसांना मुंबईसारख्या शहरात पाठ टेकायला जागा नसते, आणि रोगाबरोबर कर्जही घरी येते. म्हणून 1954 साली जे. जे. रुग्णालयाजवळ धर्मशाळा उभी राहिली. गरिबाचे कर्ज कुठल्या कुठल्या दाराने आत शिरते, ती दारे महाराजांनी एकेक करून शोधली आणि तेथे भिंत उभी केली.

लाखो रुपयांची बांधकामे झाली, पण त्यातला पैसा महाराजांनी स्वतःसाठी घेतला नाही. संस्थांचे विश्वस्त नेमले, कागद पक्के केले, हिशेब लिहिणारी माणसे ठेवली. आपल्या नात्यातल्या कुणाचा या मिळकतीवर हक्क राहणार नाही अशी व्यवस्था केली. 8 फेब्रुवारी 1952 रोजी श्रीगाडगे महाराज मिशनची स्थापना झाली. ज्याच्या घराला पावती नसल्यामुळे वनवास आला, त्याने सार्वजनिक पैशाची पै न पै कागदावर आणली. साधूला कागद कशाला, असे म्हणणारे पुष्कळ भेटतील. महाराज तसे म्हणणारे नव्हते.

या चरित्राची दुसरी बाजूही आहे, आणि ती झाकून ठेवणे खरे होणार नाही. महाराजांनी संसार सोडला, पण संसार सुटला नाही, तो कुंताबाईंच्या माथ्यावर आला. नवऱ्याच्या शब्दावर धर्मशाळा उभ्या राहत होत्या आणि त्या माउलीने दिवस काढले ते साध्या झोपडीत. धर्मशाळेतला आयता घास घरच्यांनी खाऊ नये असा महाराजांचा कडक दंडक होता. 1923 साली तरुण मुलगा गोविंद कुत्रे चावल्याने गेला. महाराज तेव्हा कोकणात खारेपाटणला होते. बातमी आली, आणि कीर्तन थांबले नाही. लोक या धैर्याची वाखाणणी करतात, आणि ती योग्यच आहे. पण त्या वेळी आई एकटीच होती, हेही मनात आणावे. महाराजांनी आपल्या इच्छेने काटकसर पत्करली. कुंताबाईंना ती कुणी विचारली नव्हती. आपल्या घरातही काटकसर करायची झाली तर ती बायकोच्या आणि लेकीच्या ताटापासून सुरू होते, आणि घरधन्याच्या पानतंबाखूपर्यंत पोहोचतच नाही. महाराजांचे अनुकरण करणाऱ्याने निदान एवढे करावे, की कात्री प्रथम स्वतःच्या खर्चाला लावावी. ती त्यांनी लावली होती. मरेपर्यंत त्यांच्या अंगावर त्याच चिंध्या होत्या.

20 डिसेंबर 1956 रोजी अमरावतीकडे जात असताना वलगावजवळ, पेढी नदीच्या पुलावर मोटारीतच महाराजांनी देह ठेवला. वय ऐंशी. अमरावतीत त्यांची समाधी आहे, आणि पुढे 2005 साली अमरावतीच्या विद्यापीठाला त्यांचे नाव मिळाले. ज्याला अक्षर शिकायला मिळाले नाही, त्याचे नाव पदवीच्या कागदावर छापले जाते. याहून दुसरा सन्मान त्यांना आवडला असता असे वाटत नाही.

आता आपल्याकडे वळू. आज वर्धा जिल्ह्यातला शेतकरी कर्जात आहे तो दारूमुळे किंवा बारशाच्या पंगतीमुळेच आहे असे म्हणणे अन्यायाचे होईल. पाऊस दगा देतो, बोंडअळी येते, भाव पडतो, दवाखान्याचे बिल येते. 2006 साली केंद्र सरकारने विदर्भातल्या सहा जिल्ह्यांसाठी मदत जाहीर केली, त्यांत आपला वर्धा जिल्हा होता. ती कशामुळे करावी लागली, हे येथे सांगण्याची गरज नाही. घरोघर ठाऊक आहे. नुसत्या काटकसरीने आभाळाचा तोटा भरून निघत नाही. पण काटकसरीने एक मोठी गोष्ट होते. वाईट वर्ष आले तर घरात चार पोती ज्वारी आणि थोडी शिल्लक असते, आणि त्या दिवशी सावकाराच्या दारात उभे राहावे लागत नाही. एक वर्ष टळले की दुसऱ्या वर्षी माणूस उभा राहतो.

आणि कर्ज घ्यावेच लागले तर मामा चंद्रभानची आठवण ठेवावी. 1934 साली मध्यप्रांतात सावकारांसाठी कायदा झाला. त्याने हिशेब ठेवणे आणि पावती देणे बंधनकारक केले. महाराष्ट्राचा 2014 चा सावकारी कायदाही तेच सांगतो. कायदा पुस्तकात असतो. पावती आपल्या हाताने मागावी लागते. मोठ्या माणसाकडे कागद मागण्यात कसलाही अपमान नाही. घरात एक वही असावी. तिच्यात घेतले किती, दिले किती, कोणत्या तारखेला, हे लिहावे. कर्त्या माणसाला लिहिता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या नातीकडून लिहून घ्यावे. घरातल्या बाईलाही कर्जाचा आकडा ठाऊक असावा, कारण माणूस गेल्यावर वसुलीला लोक तिच्याच दारात येतात. बचत गटातल्या बाया महिन्याची वर्गणी भरून लगेच वहीत सही घेतात. त्यांना कुणी शिकवले असेल ते असो, महाराजांना ते पाहून समाधानच वाटले असते.

ऋणमोचनाचा घाट पूर्णेच्या काठावर आहे. कधी त्या वाटेने जाणे झाले तर अवश्य उतरावे, हातपाय धुवावेत, महाराजांनी बसविलेल्या दगडावर क्षणभर टेकावे. आणि घरी आल्यावर त्याच रात्री वही काढून बसावे.